अर्धा मासा आणि पिवळा टॉवेल

गुरुवारपासून आईच्या डोक्यात एक भुंगा शिरला होता आणि काही केल्या तो बाहेर पडत नव्हता. लेक वेळेवर जेवत असेल का, ही ती काळजी नव्हे. ती काळजी जुनी, फ्रिजच्या घरघरीसारखी. असते, पण ऐकू येत नाही. ही वेगळी होती. आपली मुलगी कुठेतरी अडकून बसली आहे आणि आपण अडकलोय हे तिचं तिलाही कळलेलं नाही, असं काहीतरी आईला वाटत होतं.

तिने बाबांना सांगून पाहिलं. ते खिडकीतल्या कुंड्यांची माती उकरत होते.

"अडकली म्हणजे? लिफ्टमध्ये?"

"तुम्हाला चेष्टाच सुचते."

"अगं, तिच्या कामात माणूस अडकतोच. अडकला नाही तर काम संपेल की."

"मी गुरुवारी टॉवेल पाठवलाय, अहो. काल परत पाठवला. उत्तर नाही."

यावर मात्र बाबांनी खुरपं खाली ठेवलं. या घरात बाकी कशाचीही चेष्टा चालायची, टॉवेलची नाही.

टॉवेलची गोष्ट सांगायची तर मुलीच्या लहानपणापर्यंत मागे जावं लागेल. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे आणि तिथेच ते बरं आहे. घरात, जिन्यात, समोरच्या किराणा दुकानात ती गिरकी. चालायला शिकली तेव्हाच तिने ठरवलं असावं, की सरळ चालण्यात काही मजा नाही. बाहेरच्या खोलीत सोफा आणि जेवायचं टेबल यांच्यामधे जेवढी जागा होती तेवढ्यात ती दोन्ही हात पसरून गोल गोल फिरत राहायची. फ्रॉकचा घेर उडायचा, टेबलावरची वर्तमानपत्रं उडायची. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, गृहपाठाच्या वहीवर दोन्ही कोपरं दाबून बसायचा.

फिरण्यात काही वाईट नव्हतं. वाईट होतं ते थांबवण्यात. कुणी हाक मारली, की मान हाकेच्या दिशेला वळायची आणि धड आपल्या वाटेने पुढे जायचं. मग ती जी कोलमडायची ती थेट कपाटाच्या कोपऱ्यावर. एकदा हनुवटीला टाके पडले. एकदा पुढचा दात गेला; दुधाचा होता म्हणून निभावलं. एकदा बाबांनी "मी धरतो हिला" म्हणून मधेच दंड पकडला, तर ती थांबली खरी, पण बाबांचा चष्मा खिडकीतून खाली गेला. टाके घालणारे डॉक्टर म्हणाले, "बाई, हिला थांबवू नका. हिला थांबू द्या."

आईने हे वाक्य घरी नेलं आणि त्यावर बराच विचार केला. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकली होती आणि त्या शिक्षणाचा आजवर सासरच्या माणसांशी गोड बोलण्यापलीकडे फारसा उपयोग झालेला नव्हता. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी ती काही न बोलता दारात जाऊन उभी राहिली आणि हातातला पिवळा टॉवेल तिने वर धरला. बस्स, नुसता धरला. गिरकीचं तोंड फिरत फिरत दाराकडे आलं, टॉवेल दिसला, तोंड पुढे गेलं. तिने ती फेरी पूर्ण केली. हात हळूहळू खाली आले, वेग उतरला, आणि दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवून ती आपली आपण उभी राहिली.

"पाहिला!" ती ओरडली.

त्या दिवसापासून घराला नियमच लागला. जेवायला बोलवायचं, टॉवेल. शाळेची वेळ झाली, टॉवेल. पाहुणे आलेत, पुरे आता, टॉवेल. शेजारच्या काकू एकदा साखर मागायला आल्या आणि दारात टॉवेल फडकवत उभ्या असलेल्या आईकडे बघत राहिल्या.

"मुलीला हाक मारायची सोडून हे काय? आगगाडी आहे का ती?"

"हो," दादा आतून म्हणाला, "आणि स्टेशन सोडून कपाटात शिरते."

पुढे गिरकी मोठी झाली आणि फिरणं पायांतून डोक्यात गेलं. पण स्वस्थ बसणं तिच्या नशिबात लिहिलेलंच नव्हतं. फोनवर बोलायची तर घरभर चालत. सिनेमाला गेली तर मध्यंतरात उठून बाहेर, शेवट दादाने सांगायचा. तिने उकडत ठेवलेली अंडी आजतागायत कधी पूर्ण उकडलेली नाहीत. "झाली असतील" म्हणून ती गॅस बंद करते आणि पिवळा बलक बशीभर पळतो. बाबा म्हणतात, हिने अंडं दिलं तर चमचा घेऊन बसायचं आणि ऑम्लेट दिलं तर स्ट्रॉ.

कॉम्प्युटरवर मात्र ती बसायची. कारण तिथे पाय स्थिर असले तरी पडद्यावर काहीतरी फिरत असायचं. हलती चित्रं करणं हेच तिने काम म्हणून घेतलं. आधी ती एका जाहिरातीच्या कंपनीत होती. दुकानांवरच्या पाट्यांमधली अक्षरं चमकवायची, लाटेसारखी हलवायची, आतून उजेड पळवायची. पगार बरा होता, खुर्ची गोल फिरणारी होती, आईचा जीव भांड्यात पडला होता. मग गिरकीचा गुडघा दुखायला लागला.

गुडघ्याचा फोटो काढायला तिला एका मोठ्या यंत्रात झोपवलं. हलायचं नाही, असं सांगितलं. वर पांढरं छत. गिरकीने छताकडे पाहिलं, छताने गिरकीकडे पाहिलं, आणि पहिला फोटो हलला. दुसराही हलला. यंत्र चालवणाऱ्या बाई, ज्यांना सगळं रुग्णालय मशीनबाई म्हणतं, काचेमागून माइकवर म्हणाल्या, "अहो, तुम्ही मोठ्या ना? माझ्याकडे चार वर्षांची पोरं येतात."

"ती स्थिर राहतात?"

"कसली राहतात! रडतात."

"मग छतावर काहीतरी हलायला हवं," यंत्रात पडल्या पडल्या गिरकी म्हणाली, "म्हणजे खालचं माणूस हलणार नाही."

मशीनबाईंना ते पटलं. गुडघा दोन आठवड्यांत बरा झाला, पण ही कल्पना काही गेली नाही. गिरकीने चमकणारी अक्षरं सोडली आणि सायकलच्या दुकानावरच्या माडीवर चालणाऱ्या एका छोट्या कारखान्यात गेली. कारखाना कसला, तीन टेबलं आणि एक मालक. मालक स्वतः चहा करतो आणि स्वतःच म्हणतो की आज चहा बिघडलाय. तिथे बसून तिने मासे केले. निळ्या पाण्यातले, लहान मुलांच्या तपासणीच्या खोलीच्या छतावर पोहणारे. एक लठ्ठ मासा आहे, तो सारखा वळून मागे बघतो. एक चपटा आहे, तो समोरून आला की नाहीसा होतो. आईला तिने फोनवर त्यांचं चित्रण पाठवलं तेव्हा आईने ते दुधवाल्यालाही दाखवलं.

आणि रुग्णालयात मासे बसवले त्या पहिल्याच दिवशी छतावर अर्धा मासा अडकला.

झालं असं, की एका मुलाची तपासणी संपल्यावर मशीनबाईंनी 'बंद' असं लिहिलेलं बटण दाबलं. मासे जाऊन छत पांढरं व्हायला हवं होतं. ते झालं नाही. लठ्ठ मासा जिथल्या तिथे गोठला, आणि तोही अर्धाच. डोकं, एक डोळा, पोटाची सुरुवात, आणि पुढे सरळ रेषेत कापल्यासारखं काहीच नाही. कॉम्प्युटर हलेना. तेवढ्यात पुढची मुलगी आत आली, दोन वेण्यांची, हातात कापडी ससा. तिने वर पाहिलं.

"ह्याचं शेपूट कुणी खाल्लं?"

"कुणी नाही गं राजा, ते भिंतीच्या मागे आहे," मशीनबाई म्हणाल्या.

"मग आधी भिंतीच्या मागे जाऊ."

आणि खरोखर जावं लागलं. पुढे वेणीवाली, मागे ससा धरलेली तिची आई, त्यामागे मशीनबाई, अशी वरात व्हरांड्यात शेपूट शोधायला निघाली. भिंतीच्या मागे मोठ्या डॉक्टरांची खोली होती. मोठे डॉक्टर म्हणजे विभागाचे प्रमुख. ते त्या वेळी सँडविच खात होते. वेणीवालीने सँडविचकडे फार संशयाने पाहिलं.

मशीनबाईंनी हे सगळं गिरकीला हसत हसत सांगितलं. मोठे डॉक्टर हसले नव्हते. कॉम्प्युटरची वायर उपटून तो परत चालू करेपर्यंत बाहेर मुलांची रांग लागली होती, आणि तपासणीआधी उपाशी ठेवलेली मुलं रांगेत काय करतात हे वेगळं सांगायला नको.

त्या रविवारी गिरकी घरी आली, ती तोंडाला कुलूप लावूनच. जेवायच्या टेबलापाशी मीठदाणी आणि मिरपुडीची बाटली घेऊन सरकवत बसली. आईने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुला नाही कळणार." मग लगेच म्हणाली, "थांब, सांगते."

"ही मीठदाणी म्हणजे चित्रकार. माझ्या प्रोग्रॅममधला एक थ्रेड. म्हणजे असं समज, एक माणूस. त्याचं काम एकच. अख्खं चित्र काढायचं, छतावर दाखवायचं, पुसायचं, मासा केसभर पुढे सरकवून परत अख्खं चित्र काढायचं. गोल गोल तेच. इतक्या भराभर, की आपल्याला मासा पोहतोय असं वाटतं. त्याला लूप म्हणतात."

"फिरतोय म्हण की."

"फिरतोय. आणि ही मिरपूड दुसरा थ्रेड. ती दाराशी बसते आणि बटणाकडे लक्ष ठेवते."

"दोन माणसं कशाला?" बाबांनी वर्तमानपत्राआडून विचारलं. "एकालाच दोन्ही कामं द्यायची. आमच्या ऑफिसात एकाला चार असायची."

"म्हणून तुमच्या ऑफिसात काही हलायचं नाही, बाबा. चित्रकार बटणाची वाट बघत बसला तर मासा जागच्या जागी उभा राहील."

"बरं, मग घोटाळा कुठे झाला?" आईने विचारलं.

गिरकीने मिरपुडीची बाटली जोरात मीठदाणीवर आपटली. थोडं मीठ सांडलं. "हा. बटण दाबलं की मिरपूड उठते आणि चित्रकाराच्या हाताखालचा कागद ओढून घेते. तो मधेच असतो. अर्ध्या माशावर. ब्रश हवेत, कागद नाही, रंग सांडलेले. सगळं कोसळतं. आणि हे मीच असं लिहिलं, आई. मला माहीत होतं की असं करायचं नसतं. पण सगळं त्या आठवड्यात द्यायचं होतं, आणि माझ्या टेबलावर पाच वेळा बंद केलं तेव्हा पाचही वेळा नीट झालं होतं. मालक म्हणाले झालं का, मी म्हटलं झालं."

"अंडी," बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"गप्प बसा हो," आई म्हणाली. सांडलेलं मीठ तिने हाताने गोळा केलं. "म्हणजे तू फिरत असताना बाबांनी दंड धरला होता, तसंच ना हे?"

गिरकीने वर पाहिलं. न्हाणीघराच्या दारामागे, अजूनही, आता विटून लोण्याच्या रंगाचा झालेला तो टॉवेल लटकत होता.

"करायचं काय ते मला कळलं होतं," ती हळूहळू म्हणाली. "फक्त त्याला काय नाव द्यावं ते सुचत नव्हतं."

मग तिने तेच केलं. आता बटण दाबलं गेलं, की दाराशी बसलेला थ्रेड चित्रकाराच्या अंगाला हात लावत नाही. तो फक्त एक खूण वर करतो. तिच्या प्रोग्रॅममधे त्या खुणेचं नाव 'टॉवेल' आहे. मालकाने विचारलं तर तिने सांगितलं की घरगुती शब्द आहे. चित्रकार प्रत्येक नवं चित्र सुरू करायच्या आधी एकदा दाराकडे बघतो. टॉवेल नाही? काढ पुढचं. टॉवेल आहे? हातातलं चित्र झालेलंच असतं. मग तो आपले रंग आपण आवरतो, ब्रश आपण धुतो, आणि आपल्या पायांनी बाहेर पडतो. तो बाहेर येईपर्यंत दारातला वाट बघतो आणि मगच दिवा मालवतो. दुसऱ्याने आवराआवर करायची नाही. ज्याचे रंग त्यानेच उचलायचे. अर्धा मासा पुन्हा दिसला नाही. वेणीवाली फेरतपासणीला आली तेव्हा लठ्ठ माशाचं शेपूट पाहून म्हणाली, "उगवलं वाटतं."

त्या मीठदाणीच्या गोष्टीचा आणखी एक वेगळाच परिणाम झाला. त्याच रविवारी निघताना चपला घालता घालता गिरकी म्हणाली, "आई, रागावू नकोस, पण तुझे फोनही कागद ओढल्यासारखेच येतात. मी अर्ध्या ओळीत असते. फोन घेतला की ती ओळ गेली, नाही घेतला की तू दादाला फोन करतेस, दादा मला करतो, आणि मग माझी सगळी दुपारच अर्धा मासा."

आईला लागलं थोडं. पण खरं होतं ते. दुसऱ्या दिवशी तिने फोन केला नाही. पिवळा टॉवेल दाराला टांगून त्याचा फोटो काढला आणि पाठवला. तासाभराने उत्तर आलं, "पाहिला!" आणि संध्याकाळी गिरकीचा आपणहून फोन. चालत चालत, धापा टाकत, पण आपणहून. त्यानंतर किती महिने हेच छान चाललं होतं. दादा तर म्हणाला, मलाही पाठव टॉवेल. तर आईने त्याला नॅपकिन पाठवला.

सगळं सुरळीत चाललेलं असलं की मशीनबाईंना काहीतरी सुचतं. त्या म्हणाल्या, मासे छान आहेत, पण फार वेळ पोहत राहिले तर पोरं मान वळवून त्यांच्या मागे बघतात. मूल शांत झालं की मासेही शांत व्हायला हवेत. गिरकीला ते फार आवडलं. तिने छतात एक बारीक कॅमेरा बसवला. खालचं मूल चुळबुळत असेल तर मासे पोहतात. मूल बराच वेळ निवांत पडून राहिलं, की लठ्ठ मासा जांभई देतो, मग एकेक करून सगळे तळाशी जाऊन झोपतात. आणि सगळे झोपले की चित्रकारालाही झोपायची मुभा. काहीच हलत नाही तर पुन्हा पुन्हा तेच चित्र काढून यंत्र कशाला तापवायचं? खाली कुणी हललं की तो उठतो; 'बंद' दाबलं की मात्र सगळ्यांत आधी कॅमेरा मिटतो.

आईने हेही दुधवाल्याला सांगितलं.

आणि या नव्या माशांनी नवा घोळ घातला. मधेच कधीतरी ते थांबेनात. 'बंद' दाबलं तरी छतावर झोपलेले मासे तसेच, कॉम्प्युटर मुका, रांग बाहेर. पुन्हा वायर उपटायची. रोज होत नव्हतं, पण दोन दिवसांत एकदा तरी व्हायचंच. बुधवारी मोठ्या डॉक्टरांनी मालकाला बोलावून घेतलं. सोमवारी सकाळी मी स्वतः येऊन बघणार, म्हणाले. त्या दिवशी मासे अडकले, तर उतरवा ते सगळं. छत पांढरं असलं म्हणून आजवर कुणी मेलेलं नाही.

गुरुवारी गिरकीचा फोन आला तो शेवटचा. आवाज कोरडा.

"माझ्याकडे थांबतात गं आई. दर वेळी थांबतात. मी बटण दाबून दाबून बोट दुखवून घेतलंय. सुरू करते, दाबते, थांबतात. सुरू करते, दाबते, थांबतात. तिथे गेले की अडकतात."

"मशीनबाई काय म्हणतात?"

"त्यांचं काहीतरीच. म्हणतात, वात्रट पोरं आली की तुझे मासे शहाण्यासारखे थांबतात. एखादं गुणी, शांत पोर आलं, की नेमके अडकतात. आता कॉम्प्युटरला काय कळतं, पोर गुणी आहे का वात्रट?"

"पण टॉवेल वर करतेयस ना तू?"

"करतेय गं! टॉवेल वर आहे. दारातला वाट बघत उभा आहे. आणि आतला येतच नाही." मग ती म्हणाली, "उतरवले ना मासे, तर मी परत अक्षरं चमकवायला जाईन. तिथे निदान कुणाची रांग लागत नाही."

हे ती चेष्टेत म्हणत नव्हती. काहीतरी बोलायला हवं म्हणून आई म्हणाली, "काहीतरी खाऊन घे." गिरकीने फोन ठेवला. त्यानंतर दोन टॉवेल गेले आणि एकाचंही "पाहिला!" आलं नाही.

असा हा भुंगा. रविवारची संध्याकाळ झाली तरी तो भुणभुणत होता. बाबा कुंड्या आटोपून आरामखुर्चीत बसले होते. आई दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होती. चहा झाला होता. रोजच्या सवयीने तिने हातातला टॉवेल, योगायोगाने तोच, बाबांच्या दिशेने वर केला. चहा झाल्याची ही त्यांची खूण, कारण बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि ते कधी मान्य करत नाहीत. बाबा काही हलेनात. तिने टॉवेल आणखी वर केला. फडकवला. बाबा आपले शांत. मग तिला दिसलं की त्यांचे डोळे मिटलेले आहेत.

आई टॉवेल तसाच वर धरून उभी राहिली.

तिला एकदम एक उन्हाळ्याची सुट्टी आठवली. गिरकीला तेव्हा नवीन खूळ लागलं होतं, डोळे मिटून फिरायचं. आई दारात टॉवेल धरून उभी. फेरी झाली, दुसरी झाली, किती झाल्या. हात भरून आला. टॉवेल समोर, पण बघणार कोण? हाक मारायची तर कपाटाची भीती. शेवटी दादा वही ठेवून उठला, दबक्या पावलांनी गेला, आणि येता जाता नुसती बोटं तिच्या खांद्याला टेकवली. धरलं नाही, ओढलं नाही. तिने डोळे उघडले, फेरी पूर्ण झाली, समोर टॉवेल. "पाहिला!"

"अहो," आई मोठ्याने म्हणाली.

"जागाच आहे," बाबा दचकून म्हणाले.

"गुणी मुलं."

"कोण?"

"गुणी मुलं आली की अडकतात! कारण गुणी मुलं शांत पडून राहतात. ती शांत राहिली की मासे झोपतात. मासे झोपले की तो चित्रकारही झोपतो. झोपलेला माणूस दाराकडे बघेल कसा? टॉवेल वर आहे, दारातला वाट बघतोय आणि आतला झोपलाय. दोघं तसेच!"

बाबांनी डोळे चोळले. हे सगळं जागेपणी ऐकू येतंय का, याची त्यांना खात्री नव्हती. "पण मग तिच्या टेबलावर कसे थांबतात? ती म्हणाली ना, दर वेळी थांबतात."

आई हसायला लागली. हातातला टॉवेल तोंडाला लावून ती हसत होती. "अहो, आपल्या मुलीने कधी कुणाला झोप लागेपर्यंत वाट बघितली आहे का? सुरू करते आणि दाबते, सुरू करते आणि दाबते. मासे जांभईसुद्धा देत नसतील तेवढ्यात. आणि कॅमेऱ्यासमोर कोण बसलंय? गिरकी! पाय हलवत! तिच्यासमोर ते मासे जन्मात झोपायचे नाहीत. झोपलेले मासे तिने आपल्या टेबलावर एकदाही पाहिले नसतील."

"अंडी," बाबा म्हणाले, आणि या वेळी त्यांना कुणी गप्प केलं नाही.

मग आईचा उत्साह जरा ओसरला. ती सोफ्याच्या कडेवर टेकली. "पण हे तिला सुचलं नसेल असं कसं होईल? एवढी शिकलेली. मी आपली मीठदाणी बघून शिकलेली. उद्या सकाळी डॉक्टर येणार, आज ती कामात डोकं घालून बसली असेल. आणि मी मधेच फोन करून कागद ओढला तर? सुचलं असेल तर ती म्हणेल, आई, तेच तर लिहीत होते, घालवलंस."

"मग टॉवेल पाठव परत."

"दोन पाठवलेत. दोन्ही वरच आहेत."

बाबांनी चहाचा कप हातात घेतला आणि त्यावरची साय काडीने बाजूला केली. हे काम ते फार एकाग्रतेने करतात. "हे बघ," ते म्हणाले, "ती कामात असती तर फेरी पूर्ण करून तिने टॉवेल पाहिला असता. गुरुवारपासून पाहिलेला नाही. म्हणजे काय?"

"म्हणजे ती डोळे मिटून फिरतेय."

"झालं तर."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आईने टॉवेलची घडी घातली, मग ती मोडली, मग पुन्हा घातली. बोलायचं काय, हे तिने मनातल्या मनात जुळवून पाहिलं. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. एवढंच म्हणायचं, की एक उशी घे, कॅमेऱ्यासमोर ठेव, तू खोलीबाहेर जाऊन बस, मासे झोपेपर्यंत आत डोकावू नकोस, आणि मग बटण दाब. आणि अडकले, तर टॉवेल वर करणाऱ्याला सांग, बाबा रे, नुसता धरून उभा राहू नकोस, आत जाऊन हळूच खांद्याला हात लाव. मग आपण दोघी फोन ठेवू. एवढं बोलायला कितीसा वेळ लागणार? तिला आधीच सापडलं असलं तर फारच छान. मग ती ओरडेल, आणि तिचं ओरडणं तरी ऐकू येईल.

"आपल्याकडे हाक मारायची नाही ना?" बाबांनी कपाआडून विचारलं. त्यांच्या मिशीत हसू होतं.

"हाक कुठे मारतेय?" आईने टेबलावरचा फोन उचलला. "दादा आता इथे नाही, म्हणून मी जातेय."

आणि तिने गिरकीचा नंबर लावला.